तिखटाचा डबा आणि कापून टाकलेला बॅच नंबर

पोळपाट
गेल्या रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फोटो टाकला. अमुक कंपनीच्या लाल तिखटाची एक बॅच परत मागवली आहे, घरात असेल तर वापरू नका, दुकानात परत करा. खाली बॅच नंबर आणि एक भलंमोठं लाल उद्गारचिन्ह. कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तो फोटो खरा की कोणी घरबसल्या बनवलेला, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

त्याच कंपनीचं तिखट आमच्याकडे होतं. आठच दिवसांपूर्वी आणलेलं, आणि आणल्या आणल्या डब्यात ओतलेलं. नंबर बघायचा तर पाकीट हवं. आणि पाकीट चक्क सापडलं! आमच्या सासूबाई रिकामी पाकिटं धुऊन, ओट्यावर उलटी वाळवून, खणात रचून ठेवतात. वीस वर्षं या सवयीवरून मी त्यांना टोमणे मारत आले, ते सगळे त्या दिवशी मनातल्या मनात परत घेतले. पाकिटावर लिहिलं होतं, 'बॅच क्र., उत्पादन दिनांक व किंमत पाकिटाच्या वरच्या कडेवर पाहा.' आणि वरची कड मी कात्रीने सरळ रेषेत कापून टाकलेली.

दुकानात गेले. आमचा किराणावाला भला माणूस आहे. म्हणाला, "ताई, पाकीट आणा, बदलून देतो." म्हटलं, पाकीट आहे, कड नाही. त्यावर तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे शेंगदाणे मोजायला लागला.

तर प्रश्न असे. आपल्याकडे माल परत बोलावण्याची काही रीतसर पद्धत आहे का? कोण ठरवतं? ठरवलं तर आपल्याला कळवतं कोण, सोसायटीतले काका? आणि इथे कोणी आयुष्यात एकदा तरी असा माल परत केला आहे का?

भडंग
मी एकदा आंबलेलं श्रीखंड परत केलं होतं. दुकानदाराने बोट बुडवून चाखलं, म्हणाला "चांगलंय की," आणि डबा मलाच परत दिला. याला परत बोलावणं म्हणत असतील तर हो.

उलटतपासणी
पोळपाटताई, पद्धत आहे, कागदावर बऱ्यापैकी चांगली आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा. त्यातलं कलम 28 म्हणतं की आपला माल कायद्याला धरून नाही अशी शंका उत्पादकाला, आयातदाराला किंवा वितरकाला आली, तर त्याने तो बाजारातून स्वतः काढून घ्यायचा आणि कारण सांगायचं. त्याचे तपशीलवार नियम यायला मात्र 2017 साल उजाडलं. त्यानुसार कंपनीने 24 तासांत केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला (एफएसएसएआय) कळवायचं, आणि कंपनी हलली नाही तर प्राधिकरण तिला माल काढायला लावू शकतं. कोणाला किती माल गेला याच्या नोंदी ठेवणं तर बंधनकारकच.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मात्र स्वतःची रिकॉल योजना, म्हणजे माल परत बोलावण्याची योजना, करून ठेवायची सक्ती नाही. त्याने फक्त सहकार्य करायचं. म्हणजे साखळी नेमकी तुमच्या दारात येऊन सैल होते.

अलीकडचं उदाहरण हवं तर जानेवारी 2025. पतंजली फूड्सने प्राधिकरणाच्या आदेशावरून लाल मिरची पावडरची एक बॅच परत बोलावली, सुमारे 4 टन, 200 ग्रॅमची पाकिटं. कारण कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर. एकच बॅच, एकच नंबर. बातमीत तो नंबरही छापून आला होता. किती जणांनी डबा उघडून पाहिला असेल, हा प्रश्न तुम्हीच विचारला आहे.

हिंगाष्टक
आणि मॅगी? ती तर सगळीच गेली होती की.

उलटतपासणी
मॅगी हे आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं परत बोलावणं, आणि कसं करू नये याचंही उदाहरण तेच. तारखा नीट बघा म्हणजे गंमत कळेल. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत नमुना घेतला मार्च 2014 मध्ये. गोरखपूरच्या प्रयोगशाळेत अजिनोमोटोचा अंश सापडला, पाकिटावर तर ते घातलेलं नाही असं लिहिलेलं. कंपनीने हरकत घेतली, नमुना कोलकात्याला गेला. तिथला अहवाल आला 2015 च्या एप्रिलमध्ये : शिसं 17.2 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 17.2 भाग), मर्यादा 2.5. एक वर्ष! त्या बॅचची मॅगी खाऊन, पचवून, पोरं पुढच्या इयत्तेत गेली होती.

मग 5 जून 2015 ला देशभर बंदी. एका बॅचवर नाही, नऊच्या नऊ प्रकारांवर. सुमारे 30 हजार टन माल गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला. आणि 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडू दिली नाही, आणि ज्या प्रयोगशाळांच्या भरवशावर बंदी घातली त्यांना त्या तपासणीची मान्यताच नव्हती, म्हणून. पुन्हा तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नमुने गेले, सगळे पास झाले, नोव्हेंबरात मॅगी परत दुकानात.

आता यात कंपनी निर्दोष होती की नव्हती यावर इथे दोनशे प्रतिसाद पडू शकतात. कृपया पाडू नका.

पळीपंचपात्र
हे सगळं पाकिटांचं खूळ आहे. आमच्या लहानपणी घाण्यावरचं तेल, वाण्याकडचं सुटं धान्य, गवळ्याचं दूध. बॅच नंबर नव्हता आणि दवाखानेही नव्हते. वाणी ओळखीचा असला की पुरे. पाकिटात घातलं की त्यात लबाडी आलीच.

उलटतपासणी
काका, सुट्या तेलाचा विषय काढलात म्हणून. ऑगस्ट 1998, दिल्ली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. पाय सुजायचे, हृदयावर ताण यायचा. साठाहून जास्त माणसं गेली, आजारी हजारो. त्यांचेही वाणी ओळखीचेच होते. त्यानंतर सप्टेंबरमध्ये केंद्राने खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकायचा आदेश काढला. तुमच्या आमच्या घरी तेलाची पिशवी आली ती काही जाहिरातीला भुलून नव्हे.

आणि दवाखाने नव्हते म्हणजे आजार नव्हते, असं नाही हो.

पळीपंचपात्र
आमच्या वाण्याने कधी फसवलं नाही एवढंच म्हणालो.

डेअरीवाला
मी एका सहकारी दूध संघात क्वालिटीला एकोणीस वर्षं काढली (कुठला ते विचारू नका, अजून पीएफ यायचाय). वरचा एक मुद्दा पुढे नेतो. कायद्याने अन्न विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा. पिशवीतल्या दुधाचं आयुष्य दोन दिवस. म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने सकाळी नमुना उचलला, तर अहवाल येईपर्यंत ते दूध सात वेळा संपलेलं असतं. दंड होईल, खटला होईल, पण परत काय बोलावणार? म्हणून दुधात सगळी लढाई दारातच. टँकर डॉकवर आला की आधी वास, मग परीक्षानळीत उकळून फुटतं का ते बघायचं, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ), युरिया, सोडा, साखर, प्रतिजैविकाची पट्टी. पट्टीवर रेघ उमटली नाही की टँकर माघारी. ड्रायव्हर शिव्या घालतो, चेअरमनचा फोन येतो, पण एकदा सायलोत, म्हणजे साठवणीच्या मोठ्या टाकीत, सोडलं की संपलं.

आता मॉक रिकॉल काय असतो ते सांगतो. वर्षातून दोनदा खोटं खोटं परत बोलवायचं. आमच्याकडे एक ऑडिटर होते, बारीक अंगाचे, चहा घ्यायचे नाहीत. एका सकाळी आले ते बाहेरच्या टपरीवरून उचललेली रिकामी अर्ध्या लिटरची पिशवी घेऊन. टेबलावर ठेवली. "ही कुठल्या टँकरची? आणि हिच्या बरोबरच्या कुठे गेल्या? चार तास." घड्याळ लावलं.

पिशवीच्या कडेला शाईने छापलेली तारीख, मशीनचा नंबर, वेळ. वेळेवरून पाश्चरायझरचा तक्ता काढला. 72 अंशाला 15 सेकंद, आलेखात रेघ सरळ आहे का बघितली. त्यावरून सायलो, सायलोवरून तीन टँकर, टँकरवरून बल्क कूलर, म्हणजे शेतकऱ्यांचं दूध गोळा करून गार ठेवायची टाकी. इथवर दीड तास. पुढच्या बाजूला चलनं : कुठली गाडी, कुठला रूट, किती क्रेट. आणि इथे अडलो. एका क्रेटमध्ये 24 पिशव्या, हिशेबात अकरा क्रेट कमी. स्टोअर, कोल्ड रूम, रिटर्न, कंट्रोल सॅम्पल, सगळं पालथं घातलं. पावणेचार तासांनी सापडले. सिक्युरिटीच्या केबिनमागे, लग्नाच्या ऑर्डरसाठी कोणीतरी काढून ठेवलेले, चलन नंतर करू म्हणून. ऑडिटरनी वहीत काय लिहिलं माहीत नाही, पण जाताना चहा घेतला.

त्या दिवशी मला दोन टोकं कळली. मागे गेलं तर बल्क कूलरपाशी माग संपतो, कारण तिथे साठ-सत्तर शेतकऱ्यांचं दूध एकत्र झालेलं असतं. पुढे गेलं तर दुकानापाशी संपतो, कारण दुकानदार कोणाला कुठली पिशवी दिली ते लिहीत नाही. मधला भाग आम्ही तासात सांगू.

पोळपाट
डेअरीवाला, म्हणजे माझा तिखटाचा डबाही बल्क कूलरच म्हणायचा. खाली जुनं थोडं शिल्लक होतं, त्यावरच नवीन ओतलं होतं.

डेअरीवाला
अगदी. आता कड सापडली असती तरी जुन्याचं काय?

एडिसनची सून
न्यू जर्सीहून लिहितेय. इथे पुढचं टोक बऱ्यापैकी बांधलेलं आहे, निदान मोठ्या दुकानांत, कारण मेंबरशिप कार्डावर काय घेतलं ते त्यांच्याकडे असतं. मला दोन वर्षांत तीनदा ईमेल आली आणि एकदा फोन. एकदा फ्रोजन बेरीज, एकदा अंडी, आणि एकदा बिस्किटं, ती मी माहेरी जाताना नेऊन वाटूनही झाली होती! डोंबिवलीला फोन करून मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "अगं, कधीच संपली. छान होती."

इथे मांस, कोंबडी कृषी खात्याकडे आणि बाकी बहुतेक सगळं एफडीएकडे, म्हणजे इथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे. परत बोलावण्याचे तीन वर्ग. पहिल्या वर्गात जिवाला धोका, तिसऱ्यात लेबलवरची बारीकसारीक चूक. बहुतेक वेळा कंपनी स्वतःहून बोलावते. जबरदस्तीने बोलवायचा अधिकार एफडीएला 2011 च्या कायद्याने मिळाला, त्याआधी सरसकट तो नव्हता, हे ऐकून मला धक्का बसला होता. आणि कारणांमध्ये पहिला नंबर जंतूंचा असेल असं वाटतं ना? अ‍ॅलर्जीच्या पदार्थाचं नाव लेबलवर न टाकणं हे सगळ्यात मोठं कारण. 2023 पासून त्या यादीत तीळही आले. आमच्या मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळाच्या पुड्यांवर 'यात तीळ आहेत' अशी चिठ्ठी लावली होती. हसू नका, लावावी लागते.

पण इथलं सगळं आलबेल आहे असं नाही. 2018 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी सीडीसीने (साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सांगितलं, रोमेन लेट्युस, म्हणजे सॅलडची पानं, खाऊ नका. कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही राज्यातलं. ई. कोलाय हा जंतू सापडला होता, पण पानं कुठल्या शेतातून आली ते पाकिटावरून कळत नव्हतं. देशभरातलं लेट्युस कचऱ्यात. पुढे चौकशीत कॅलिफोर्नियातल्या काही भागांकडे बोट गेलं. त्यानंतर पाकिटावर कुठल्या भागात पिकलं ते छापायला लागले. ते आधी छापलं असतं तर बाकीच्या शेतकऱ्यांचा माल वाचला असता.

आणि एक सांगू? इतक्या ईमेल येतात की आता मी अर्ध्या उघडतच नाही.

भडंग
युरोपातही असंच झालं होतं ना, काकडीवरून?

एडिसनची सून
हो, 2011, जर्मनी. तिथेही ई. कोलायच. पन्नासच्या आसपास माणसं गेली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, त्यांचे ट्रक सीमेवरून परत, शेतकरी रस्त्यावर. शेवटी निघाली मेथी! मोड आलेली मेथी, उत्तर जर्मनीतल्या एका शेतावर मोड आणलेली, आणि बी इजिप्तमधून आलेलं. ते शोधलं कसं, तर हॉटेलांत कोणी काय ऑर्डर केलं त्या बिलांवरून. आजारी पडलेल्यांतल्या बऱ्याच जणांना आपण मोड खाल्ले होते हे आठवतही नव्हतं, सॅलडवर चिमूटभर असतात. हे वाचल्यापासून मी मोड आलेले मूग वाफवल्याशिवाय खात नाही. सासूबाईंना हा अपमान वाटतो.

गोडीछाटणी
दिंडोरी तालुका, सहा एकर द्राक्ष, त्यातलं चार एकर निर्यातीचं. शहरातल्या लोकांना वाटतं शेतकरी वाट्टेल ते फवारतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. निर्यातीच्या मालाचं सांगतो.

माझ्या प्रत्येक प्लॉटला नंबर आहे. अपेडाने (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट ही द्राक्षाचा माग ठेवणारी यंत्रणा सुरू केली तेव्हापासून. कृषी खात्याकडे नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी माल तपासायला जातो. रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, मर्यादेत असलं तरच पुढे पॅकहाऊस. पेटीवर जो नंबर असतो त्यावरून रॉटरडॅमला बसलेला माणूस सांगू शकतो की ही पेटी दिंडोरीच्या अमक्याच्या तमक्या प्लॉटची. या सगळ्यावर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेची देखरेख.

आणि तरीही 2010 झालं. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला, खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हावा म्हणून वापरायचे, कित्येक वर्षं वापरत होते, दुकानदारच द्यायचे. युरोपची मर्यादा 0.05 पीपीएम. आणि आपल्या तपासायच्या यादीत ते नावच नव्हतं! म्हणजे प्रयोगशाळेने दिलेला पासचा दाखला खरा होता, आणि मालही फेल होता. कंटेनर बंदरात अडकले. निर्यातदारांनी पैसे थांबवले. माझ्या सख्ख्या चुलत्याने त्या वर्षी सीसीसी वापरलंच नव्हतं, वही दाखवायला तयार होता. पण भाव सगळ्यांचाच पडला. कोणी वही बघितली नाही.

पुढच्या हंगामात ते यादीत आलं. आता आम्ही नवीन औषध घेताना आधी यादी बघतो, मग लेबल, मग दुकानदाराचं तोंड.

एक कडू गोष्ट सांगतो. चार एकरातल्या घडाचा नंबर रॉटरडॅमला कळतो. उरलेल्या दोन एकरांचा माल क्रेटमधून वाशीला जातो, तिथून पुढे तुमच्या गाडीवाल्याकडे. त्याला नंबर नाही. मी दोन्हीकडे सारखंच फवारतो, पण ते तुम्हाला माझ्या शब्दावरच घ्यावं लागेल.

पोळपाट
गोडीछाटणी, हे वाचून थांबले जरा. म्हणजे नंबर खाणाऱ्यासाठी आहे असं मी धरून चालले होते, तुमच्या चुलत्यांचं काय ते डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचं पुढे काय झालं?

गोडीछाटणी
बाग काढली 2012 ला. टोमॅटो करतो आता. पण ते फक्त द्राक्षामुळे नाही, पाण्याचंही होतं.

मांडवीकाठ
आमच्या गोव्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. जुलै 2018. मडगावच्या घाऊक बाजारात अन्न व औषध प्रशासनाने पहाटे छापा घातला, बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याची बातमी. मढं टिकवायला वापरतात ते. त्याच दिवशी नंतर सांगितलं, प्रयोगशाळेत तपासलं, प्रमाण मर्यादेत आहे, मासळीत नैसर्गिकरीत्याही थोडं असतं. आता सांगा, सकाळी 'आहे' आणि संध्याकाळी 'आहे पण चालतं', यावर कोण विश्वास ठेवणार? मग महिनाअखेरपर्यंत बाहेरच्या मासळीवर बंदी, आणि विधानसभेत गदारोळ. पोळे आणि पत्रादेवीच्या नाक्यावर ट्रक माघारी.

पावसाळा, त्यात ट्रॉलरची मासेमारी बंद, म्हणजे तसंही नुस्ते (मासळी) बाहेरूनच येतं. आमच्या घरी सुक्या बांगड्यावर आणि सुंगटांच्या किसमुरीवर दिवस काढले. काहींनी श्रावण महिनाभर आधीच सुरू केला. बाजारात बसणारी आमची नेहमीची नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, रडकुंडीला आली होती, तिचे मासे तर नदीतले, शेवटे आणि काळुंद्रं. तिच्या पाटीकडे कोणी जाईना. ती प्रत्येकाला म्हणायची, "आमगेलें न्हंयचें गे." पण न्हंयच्या माशाच्या कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं?

तपासणीची झटपट पट्टी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षी आणली होती. एकदा घेऊन बघितली. मासा बरा निघाला, पण नवऱ्याने पट्टी रंग बदलते का बघताना कढी करपवली.

हिंगाष्टक
मला मसाल्यांचं विचारायचं होतं. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगने एमडीएचचे तीन आणि एव्हरेस्टचा फिश करी मसाला यांत इथिलीन ऑक्साइड सापडलं म्हणून विक्री थांबवली, सिंगापूरनेही एव्हरेस्टचा तो मसाला परत बोलवायला लावला. तिथे चालत नाही ते आपण मुकाट खायचं का?

डेअरीवाला
राग बरोबर आहे, पण गणित सरळ नाही. तो वायू मसाल्यातले साल्मोनेला वगैरे मारायला वापरतात. युरोपात खाण्याच्या मालाला चालत नाही, अमेरिकेत मसाल्यांना 7 पीपीएमपर्यंत चालतो. म्हणजे एकच पाकीट एका बंदरात विष आणि दुसऱ्यात कायदेशीर. वाफेने निर्जंतुक करता येतं, पण यंत्र महाग आणि रंग-वास थोडा उतरतो.

आपल्या मसाल्याने बाहेर गोंधळ घालायची ही पहिली वेळ नाही. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये सुदान-1 नावाच्या रंगाने हाहाकार केला होता. भारतातून गेलेल्या मिरची पावडरीत रंग, ती पावडर एका वूस्टर सॉसमध्ये, तो सॉस पाय, सूप, सॅलड, पिझ्झा असा जिथे जाईल तिथे. चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून काढावे लागले. आणि पकडलं कोणी, तर इटलीत सॉस तपासणाऱ्यांनी. चिमूटभर तिखट किती लांब जातं बघा.

भडंग
हे वाचून मला आता मिसळ खाववत नाही. खोटं बोललो, खाऊनच आलो.

उलटतपासणी
एक कामाची गोष्ट राहिली. कलम 40 नुसार तुम्हीआम्हीही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता, फक्त घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत. (सांगितल्यावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.) साधी तक्रार असेल तर महाराष्ट्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक 1800222365. फोन करण्याआधी पाकीट, बिल आणि उरलेला पदार्थ टाकू नका. परवाना क्रमांक पाकिटावर 14 आकडी असतो, तो आणि बॅच नंबर विचारतात. अहवालात 'असुरक्षित', 'कमी दर्जाचा' आणि 'मिथ्याछाप' हे तीन वेगळे शब्द येतात, ते एकच समजू नका. लेबलवर लबाडी म्हणजे विष नव्हे. वर्तमानपत्रं तिन्हीला 'भेसळ' म्हणून मोकळी होतात.

पोळपाट
ताजी खबर. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, नोटीस खरी आहे, पण ती बॅच पुण्यात आलेलीच नाही, दुसऱ्या राज्यात गेली होती. मी विचारलं, हे फोटोत का नव्हतं? म्हणाल्या, नोटिशीत होतं, फोटो काढणाऱ्याने खालचा भाग कापला असावा. म्हणजे कडा कापणारी मी एकटीच नाही.

तोवर सासूबाईंनी डबाभर तिखट कागदाच्या पुडीत बांधून कचऱ्यात टाकलं होतं. डबा घासून उन्हात ठेवला. आता नवीन पाकीट आणलं की ते खालून कापायचं, आणि वरची कड डब्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावायची असा त्यांनी फतवा काढला आहे. जुनं संपल्याशिवाय नवीन ओतायचं नाही, हा दुसरा. रव्याच्या, बेसनाच्या, हळदीच्या झाकणांवरही पट्ट्या आल्यात. हिंगाच्या डबीला जागा नाही म्हणून ती तशीच.

पळीपंचपात्र
सूनबाई, याच्यापेक्षा मिरच्या आणून डंकावर कुटून घ्या. आमच्याकडे दर उन्हाळ्यात तसंच. समोर बसायचं, आपली मिरची, आपलं तिखट. कुठला नंबर नको.

डेअरीवाला
काका, डंकात तुमच्या आधी कोणाची मिरची होती?

पळीपंचपात्र
खालच्या मजल्यावरच्या वहिनींची.

गोडीछाटणी
संकेश्वरी की ब्याडगी?

पळीपंचपात्र
ब्याडगी. खरं सांगायचं तर त्यातली थोडी आमच्यात उतरली असणार, यंदा रस्स्याला रंग फार छान येतोय.